अर्थशास्त्र घ्यायचे आहे, पण गणित?

दहावीचा निकाल लागला की पुढचा महिनाभर आमच्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. सायन्स झेपेल का? कॉमर्सला कोणते कॉलेज? बारावी करावी की डिप्लोमा? गेल्या काही वर्षांत यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा, आणि बऱ्याचदा मुलगी, म्हणते की मला इकॉनॉमिक्स करायचे आहे. आई-वडिलांना ते पटलेले असते. बँका, स्पर्धा परीक्षा, सरकारी खाती यांची दारे या विषयाशी जोडलेली आहेत हे त्यांच्या कानावर असते. मग ते जरा हळू आवाजात विचारतात, "सर, इकॉनॉमिक्स म्हणजे आर्ट्सच ना? मग गणिताची कटकट संपली म्हणायची?"

संपत नाही. हे उत्तर आम्ही दारातच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सरळ होते.

मात्र किती गणित लागते, हे एका वाक्यात सांगता येत नाही. अर्थशास्त्राची पदवी म्हणून जे काही मिळते, ते सगळीकडे एकसारखे नसते. आपल्या राज्यातल्या बहुतेक आर्ट्स कॉलेजांत जे बी.ए. आहे, त्यात मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या, भारतीय अर्थव्यवस्था, बँकिंग, सार्वजनिक वित्त असे पेपर असतात, आणि गणित बेताचेच असते. बारावीला गणित नसलेले मूलही तेथे जाते आणि नीट अभ्यास केला तर चांगल्या गुणांनी पास होते. दुसरी वाट आहे दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्सची, किंवा पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये चालणाऱ्या बी.एस्सी. इकॉनॉमिक्ससारख्या अभ्यासक्रमांची. दिल्लीला पहिल्याच सत्रात अर्थशास्त्रासाठीच्या गणिती पद्धतींचा स्वतंत्र पेपर समोर येतो. पुढे संख्याशास्त्र, त्यापुढे इकॉनोमेट्रिक्स. तेथे सिडसेटर आणि हॅमंड या दोन लेखकांचे गणिताचे जाडजूड पुस्तक मुलांच्या उशाशी असते. बाकीचे पेपर नावाने अर्थशास्त्राचे असले तरी आत पान उलटले की समीकरणेच दिसतात.

दोन्हीकडून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात अर्थशास्त्राचीच पदवी असते. फरक दिसतो तो एम.ए.च्या दारात. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सच्या प्रवेश परीक्षेत दोन पेपर असतात आणि त्यातला एक निव्वळ गणिताचा असतो. आय.आय.टी.च्या जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे, त्यातही गणित आणि संख्याशास्त्राचा भाग आहे. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते आणि तिच्या अभ्यासक्रमातही गणिती पद्धती आहेत. म्हणजे पहिल्या वाटेने गेलेल्या मुलाला गणित टळत नाही, तीन वर्षांनी पुढे ढकलले जाते. आणि तेव्हा ते एकट्याने, नोकरीच्या घाईत शिकावे लागते.

आता हे गणित असते तरी कसे? येथे आम्ही पालकांना एक हिशेब करून दाखवतो. तो आपल्या घरातलाच आहे.

समजा, एक बाई घरी नानकटाई करून विकतात. पाकिटाची किंमत वाढवली की गिऱ्हाईक कमी होते. त्यांच्या वहीवरून असे दिसते की दहा रुपये किंमत ठेवली तर दिवसाला ८० पाकिटे जातात, बारा ठेवली तर ७२, पंधरा ठेवली तर ६०, अठरा ठेवली तर ४८ आणि वीस ठेवली तर ४०. एक रुपया वाढला की चार पाकिटे कमी. गल्ल्यात किती जमा होते ते पाहा. दहाला ८०० रुपये, बाराला ८६४, पंधराला ९००, अठराला पुन्हा ८६४, विसाला पुन्हा ८००. रक्कम वर चढते, माथ्यावर पोहोचते आणि उतरते. माथा पंधरा रुपयांवर आहे.

यात अजून कॉलेजचे काहीच आले नाही. विक्री म्हणजे १२० वजा किंमतीची चौपट, आणि गल्ला म्हणजे किंमत गुणिले विक्री. हे दहावीच्या गणित भाग १ मधले वर्गसमीकरणाचे रूप झाले. कॉलेजात त्यावर एवढेच चढते की प्रत्येक किंमत तपासून पाहायची गरज उरत नाही. टेकडीच्या माथ्यावर चढ संपलेला असतो आणि उतार सुरू झालेला नसतो, म्हणजे त्या ठिकाणी उतार शून्य असतो. उतार मोजण्याची रीत म्हणजे कॅल्क्युलसमधले डेरिव्हेटिव्ह. ही रीत लावली की १२० वजा किंमतीची आठपट बरोबर शून्य, असे एक ओळीचे समीकरण मिळते आणि पंधरा हे उत्तर लगेच हाती येते.

आता खरी गंमत. त्या बाईंना मैदा, साखर, तूप, गॅस आणि पाकीट मिळून एका पाकिटामागे सहा रुपये खर्च येतो असे धरा. गल्ला सर्वांत मोठा पंधराला होता, पण नफा? पंधराला एका पाकिटावर नऊ रुपये सुटतात, ६० पाकिटे, म्हणजे ५४० रुपये. अठराला बारा रुपये सुटतात, ४८ पाकिटे, म्हणजे ५७६. विसाला ५६०. सतराला आणि एकोणिसाला ५७२. म्हणजे नफ्याचा माथा गल्ल्याच्या माथ्यावर नाही, तो तीन रुपये पुढे सरकला आहे. गल्ला भरलेला दिसतो म्हणून धंदा उत्तम चालला आहे असे मानणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे दोन माथे वेगळे का आहेत ते सांगू शकतो. शेवटचे एक पाकीट जादा विकून जेवढे पैसे वाढतात आणि ते बनवायला जेवढा खर्च येतो, ते दोन जेथे सारखे होतात तेथे थांबायचे. अकरावी-बारावीच्या पुस्तकात 'सीमान्त' हा शब्द येतो आणि मुले तो व्याख्या म्हणून पाठ करतात. तो शब्द म्हणजे हाच उतार आहे. ज्याला डेरिव्हेटिव्ह कळले त्याला सीमान्त उपयोगिता, सीमान्त खर्च, सीमान्त उत्पन्न या तीन व्याख्या वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतला मोठा भाग या एकाच कल्पनेवर उभा आहे. माथा शोधा किंवा तळ शोधा. फरक इतकाच की पुढे पुढे एक अट जोडली जाते. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला ही अट ठाऊक आहे: पैसे ठरलेले आहेत. महिन्याच्या ठरलेल्या रकमेत गोश्त किती, फळे किती, मुलांच्या वह्या किती? जेथे शेवटचा रुपया कोठेही खर्च केला तरी सारखेच समाधान देतो, तेथे वाटणी योग्य झाली. एकीकडचा रुपया दुसरीकडे हलवून काही वाढत असेल तर अजून हलवायला जागा आहे. अशा अटीतला माथा शोधण्याची रीत अठराव्या शतकातल्या लाग्रांज या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. मुले तिला फार घाबरतात. ग्रीक अक्षर दिसले की हात थांबतो. पण त्या अक्षराचा अर्थ इतकाच असतो की बजेट एका रुपयाने वाढले तर समाधान किती वाढेल.

याखेरीज जे लागते ते आम्ही भराभर सांगतो. दोन-तीन समीकरणे एकत्र सोडवणे, कारण बाजारात मागणी आणि पुरवठा एकाच वेळी जुळवावे लागतात. समीकरणे जास्त झाली की मॅट्रिक्स. चक्रवाढ आणि लॉगरिदम, कारण महागाई, व्याज, राष्ट्रीय उत्पन्न सगळे टक्क्यांनी वाढते. ७० ला वाढीच्या टक्केवारीने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण कळतात. सात टक्क्यांनी दहा वर्षे, महागाई सहा टक्के असेल तर बारा वर्षांच्या आत भाव दुप्पट. हे कोष्टक लॉगरिदममधूनच आले आहे. इंटिग्रेशन थोडे. त्रिकोणमिती जवळजवळ नाही, भूमितीतली प्रमेये नाहीत. दहावीला भूमितीने रडवलेल्या मुलांना हे ऐकून हायसे वाटते.

आमच्या मते मुलांची खरी कसोटी कॅल्क्युलस नव्हे, संख्याशास्त्र आहे. ते सोपे दिसते आणि फसवते. आमच्या पेशातलेच उदाहरण घेऊ. ट्यूशनला जाणाऱ्या मुलांना न जाणाऱ्यांपेक्षा सरासरी जास्त गुण पडतात असे समजा एका शाळेच्या आकड्यांत दिसले. म्हणजे ट्यूशनने गुण वाढतात का? ट्यूशनला पाठवणाऱ्या घरात पैसे जास्त असतील, अभ्यासाला वेगळी खोली असेल, आई शिकलेली असेल. कदाचित ती मुले ट्यूशनशिवायही पुढेच राहिली असती. उलटही होऊ शकते: कच्च्या मुलांनाच पाठवत असतील, आणि मग ट्यूशनचा फायदा असूनही आकड्यांत तोटा दिसेल. या गुंत्यातून ट्यूशनचा स्वतःचा वाटा वेगळा कसा काढायचा, हे इकॉनोमेट्रिक्स शिकवते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले ते गरिबीवरच्या कामासाठी, आणि त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच होता: चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला मदत द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि मग फरक मोजायचा. आपल्या पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, तोही राष्ट्रीय नमुना पाहणीतल्या घरखर्चाच्या आकड्यांवर उभा होता. किती लोकांना पोटभर अन्न मिळत नाही, हा प्रश्न कळवळ्याचा आहे. त्याचे उत्तर मात्र मोजूनच द्यावे लागते.

गणिताचा इतका आग्रह पूर्वी नव्हता हेही खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ चा. त्याची ताकद इतिहास, आकडे आणि युक्तिवाद यांत आहे. आल्फ्रेड मार्शल तर केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८६५ मध्ये दुसरा आलेला माणूस, पण १८९० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने गणित मागच्या परिशिष्टात ढकलले. १९०६ मधल्या एका पत्रात त्याने आपला नियम सांगितला आहे: गणित लघुलिपीसारखे वापरा, काम झाले की साध्या भाषेत मांडा, जगण्यातली उदाहरणे द्या, आणि मग गणित जाळून टाका. त्याचा शिष्य केन्सही गणिताचाच पदवीधर. पुढे १९४७ मध्ये पॉल सॅम्युएलसनचा ग्रंथ आला आणि गणित परिशिष्टातून उठून पहिल्या पानावर बसले. ते तेथे जरा जास्तच ऐसपैस बसले आहे, असे म्हणणारे अर्थतज्ज्ञ आजही आहेत, आणि आम्हाला त्यांचे म्हणणे काही अंशी पटते. पण मार्शलला ते जाळण्याचा हक्क होता कारण त्याला ते येत होते. आमच्या विद्यार्थ्याला तो हक्क अजून मिळवायचा आहे.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी थोडे वेगळे बोलले पाहिजे. या मुलांची गणिताची म्हणून जी अडचण सांगितली जाते, तिच्यात अर्धी अडचण भाषेची असते. मुलगा दहावीपर्यंत मसावात सोडवतो, एहतेमालची उदाहरणे करतो, आणि कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर इक्वेशन आणि प्रॉबॅबिलिटी हे शब्द ऐकून गप्प बसतो. त्याला वाटते हे काहीतरी नवे आहे. मराठी माध्यमाच्या मुलाचेही समीकरण आणि संभाव्यता म्हणत असेच होते. वर्गात नाव घेऊन विचारले की तो मान खाली घालतो, प्राध्यापकांना वाटते पाया कच्चा आहे. पाया कच्चा नसतो, फक्त पाटी दुसऱ्या भाषेतली असते. यावर आमचा उपाय जुनाच आहे. एक वही करावी, पानाचे तीन भाग पाडावेत, उर्दू, मराठी आणि इंग्रजी, आणि शब्द भेटेल तसा लिहीत जावे. दोनशेच्या आसपास शब्दांत पहिल्या वर्षाचे गणित आटोपते. दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी जी सीयूईटी परीक्षा होते ती तेरा भाषांत देता येते, त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. हे आमच्या मोहल्ल्यांत फारच कमी घरांना माहीत असते. पुढचे शिक्षण मात्र इंग्रजीत आहे, म्हणून ती वही लागतेच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. दिल्लीच्या बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी सीयूईटीमध्ये गणित किंवा ॲप्लाइड मॅथेमॅटिक्स हा विषय द्यावा लागतो. म्हणजे ज्या दाराबद्दल अठराव्या वर्षी विचार करायचा, त्याची कडी पंधराव्या-सोळाव्या वर्षी, अकरावीच्या फॉर्मवर घातली जाते. कॉमर्सला जाणाऱ्या मुलांपुढे बऱ्याच कॉलेजांत पर्याय असतो: गणित घ्या किंवा एस.पी., म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस. घरी चर्चा होते ती एवढीच की मार्क कशात पडतील. एस.पी.त पडतील, पाठांतर आहे. मुलीच्या बाबतीत तर चर्चाही होत नाही. अम्मी म्हणते डोक्याला ताप नको, अब्बा म्हणतात टक्केवारी चांगली आली म्हणजे झाले, मोठा भाऊ फॉर्मवर खूण करून मोकळा होतो. सोळा वर्षांची मुलगी काय बोलणार? पुढे तीच मुलगी बारावीला अर्थशास्त्रात नव्वदच्या वर गुण आणते, तिला विषयाची गोडी लागते, आणि मग कळते की जेथे हा विषय मनापासून शिकवतात तेथले दार तिच्यासाठी बंद आहे. तिला गणित जमले नाही असे कोणी म्हणू शकत नाही. तिला ते करूनच पाहू दिले नव्हते.

आणि सोडले ते काय? बालभारतीची कॉमर्स शाखेची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके जरा उघडून पाहा. अकरावीत फल, लिमिट, डेरिव्हेटिव्ह, सहसंबंध, संभाव्यता. बारावीत मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्हचे उपयोग, इंटिग्रेशन, रिग्रेशन, निर्देशांक, लिनिअर प्रोग्रामिंग. डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांत मागणीची लवचिकता सुद्धा आहे. वर नानकटाईच्या निमित्ताने जे जे सांगितले, ते जवळजवळ सगळे तेथे आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाची एवढी चांगली तयारी करून देणारा दुसरा विषय अकरावी-बारावीत नाही. आर्ट्सच्या मुलांनाही गणित घेता येते, पुस्तकाच्या नावातच आर्ट्स आणि सायन्स असे दोन्ही शब्द आहेत. मात्र प्रत्येक आर्ट्स कॉलेजात तो वर्ग चालत नाही, म्हणून प्रवेशाआधी चौकशी करावी.

कोणत्या मुलाने घ्यावे? दहावीच्या गणितात साठ-सत्तर गुण असलेले, पण रोज तासभर वही घेऊन बसणारे मूल हे करू शकते, असे आमचे मत आहे. नव्वद गुण असलेले आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागणारे मूल अडखळते. कॉलेजात प्रत्येक आठवड्याचे गणित मागच्या आठवड्यावर उभे असते, एक विटही निसटली की वरचे हलते. सूत्रात आकडे घालून उत्तर काढणे एवढ्यावर भागत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. 'सिद्ध करा' आणि 'असे का होते ते समजावून सांगा' अशा प्रश्नांची सवय शाळेत लागलेली नसते, आणि पहिल्या परीक्षेत गुण खाली येतात. तेव्हा घरच्यांनी शाखा बदलण्याची भाषा लगेच काढू नये. एक सत्र जाऊ द्यावे.

ज्यांचे गणित आधीच सुटले आहे त्यांनी बारावीनंतरची सुट्टी वापरावी. ई-बालभारतीवर शाळेची पुस्तके मोफत मिळतात, आणि उर्दू माध्यमाची पुस्तकेही तेथे आहेत. एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तकेही मोफत आहेत. आधी दहावीचे दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे हे दोन धडे पुन्हा करावेत. मग आलेख काढायला शिकावे, भरपूर आलेख, हाताने, चौकटीच्या कागदावर. मग अकरावीचे डेरिव्हेटिव्ह. दोन महिन्यांत एवढे होते. ज्या विद्यापीठात जायचे त्याची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कोणाच्या तरी चुलतभावाने सांगितले त्यावर जाऊ नये. प्रवेशाच्या अटी बदलत असतात.

तोवर घरात एखादे आठवी-नववीच्या पुढचे मूल असेल तर त्याला आमचा एक प्रश्न द्या. त्याच नानकटाईवाल्या बाई. तूप आणि मैदा महागला, आणि एका पाकिटाचा खर्च सहावरून आठ रुपये झाला. विक्रीचा नियम तोच, एक रुपया वाढला की चार पाकिटे कमी. आधी त्या अठराला विकत होत्या. आता किती ठेवावी? जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो वीस, खर्च दोनने वाढला तर किंमतही दोनने वाढवा. वीसला नफा १२ गुणिले ४० म्हणजे ४८० रुपये. जुनी अठराच ठेवली तर १० गुणिले ४८, तेही ४८० रुपये. एकोणिसाला ११ गुणिले ४४, म्हणजे ४८४. वाढलेल्या दोन रुपयांतला एक गिऱ्हाइकाने सोसायचा आणि एक बाईंनी. असे निम्मे-निम्मेच का झाले, आणि गिऱ्हाईक किंमतीला जास्त बिचकणारे असते तर काय झाले असते, हे मुलाला शोधू द्या. कागद, पेन्सिल आणि एक संध्याकाळ पुरते.